यंत्राला कळत नव्हते, कंपनीला कळत होते का?

२७ नोव्हेंबर २०१८. लंडनमध्ये ब्रिटिश संसदेच्या एका दालनात नऊ देशांचे लोकप्रतिनिधी एकत्र बसले होते. समोरच्या एका रिकाम्या खुर्चीपुढे मार्क झुकरबर्ग यांच्या नावाची पाटी ठेवली होती. ते आले नाहीत; कंपनीच्या वतीने फेसबुकचे उपाध्यक्ष रिचर्ड अ‍ॅलन उत्तरे देत होते. सिंगापूरचे खासदार एडविन टाँग यांनी त्यांच्यापुढे एक पोस्ट ठेवली. त्याच वर्षी मार्चमध्ये श्रीलंकेत कुणीतरी ती सिंहली भाषेत टाकली होती. सगळ्या मुसलमानांना मारा, तान्हे मूलही सुटता कामा नये, असा तिचा अर्थ. श्रीलंकेत त्या वेळी मुसलमानांची घरे-दुकाने जाळली जात होती आणि आणीबाणी लागू झालेली होती. एकाने या पोस्टची फेसबुककडे तक्रार केली. उत्तर आले, की ही पोस्ट आमच्या कोणत्याही नियमाचा भंग करत नाही. टाँग यांनी वारंवार विचारल्यावर अ‍ॅलन यांना ती गंभीर चूक असल्याचे मान्य करावे लागले.

आता तुम्ही म्हणाल, श्रीलंकेतल्या पोस्टबद्दल सिंगापूरच्या खासदाराने लंडनमध्ये का विचारावे? याची दोन कारणे आहेत. एक जुने आहे आणि एक नवे.

सिंगापूरचा संबंध

डिसेंबर १९५० मध्ये सिंगापुरात मोठी दंगल झाली. मारिया हर्टोग ही डच कॅथलिक कुटुंबात जन्मलेली आणि युद्धाच्या काळात मलय मुस्लिम आईने वाढवलेली मुलगी. तिचा ताबा कुणाकडे, यावरून न्यायालयात वाद चालला होता. न्यायालयाने तिला जन्मदात्यांकडे द्यायचे ठरवले आणि तिला एका कॉन्व्हेंटमध्ये ठेवण्यात आले. तिथली तिची छायाचित्रे वर्तमानपत्रांनी छापली. त्यांतल्या मेरीच्या मूर्तीसमोरच्या छायाचित्राने मुस्लिम समाजात संतापाची लाट उसळली. ११ डिसेंबरपासून तीन दिवस रस्त्यात दिसेल त्या युरोपियन आणि युरेशियन माणसावर हल्ले झाले. १८ माणसे मेली, १७३ जखमी झाली. त्या काळचे तंत्रज्ञान म्हणजे छापखाना आणि कॅमेरा. छापील चित्र किती वेगाने आग लावते, हे या बेटाने तेव्हाच पाहिले. आज इथे वर्तमानपत्र चालवायचे तर दरवर्षी परवाना नव्याने घ्यावा लागतो; त्यामागे अशा अनुभवांचा मोठा वाटा आहे.

नवे कारण म्हणजे आजचा 'छापखाना'. फेसबुकचे आशिया-पॅसिफिक मुख्यालय सिंगापुरातच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे लंडनच्या त्या सुनावणीच्या दोनच महिने आधी, कंपनीने आशियातले आपले पहिले डेटा सेंटर सिंगापुरात तांजोंग क्लिंग इथे बांधण्याची घोषणा केली. अकरा मजल्यांची इमारत, खर्च १४० कोटी सिंगापूर डॉलर. गूगल, टिकटॉक आणि इतर कंपन्यांचीही मोठी कार्यालये याच शहरात आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी काही जण अशाच एखाद्या कार्यालयात नोकरी करत असतील. तेव्हा हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही.

प्रश्न असा आहे: एखाद्या कंपनीच्या यंत्रणेवरून एका धर्माच्या अल्पसंख्य लोकांविरुद्ध हिंसा पेटली, तर त्याला निव्वळ 'चूक' म्हणायचे की कंपनीची जबाबदारी? त्यासाठी आधी ही यंत्रणा काय करते ते पाहू. सगळ्यात नीट नोंदवलेले उदाहरण म्यानमारचे आहे.

यंत्र वाचते कसे?

२५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान जीव वाचवून बांगलादेशात पळाले. गावेच्या गावे जाळली गेली. मार्च २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाचे अध्यक्ष मार्झुकी दारुस्मन यांनी सांगितले, की या द्वेषाच्या प्रसारात समाजमाध्यमांची भूमिका निर्णायक होती. म्यानमारमध्ये समाजमाध्यम म्हणजे फेसबुक. २०१४ मध्ये परदेशी दूरसंचार कंपन्या आल्या, सिम कार्ड कवडीमोल झाले आणि लोकांच्या हाती पहिल्यांदा इंटरनेट आले ते फेसबुकच्या रूपात.

पण अशा मजकुराला आळा घालणारी यंत्रणा बर्मी भाषा वाचू शकत होती का?

तुम्हाला जुने मराठी फाँट आठवतात का? शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी? एका संगणकावर टाइप केलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. कारण त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर देवनागरीचे चित्र बसवलेले असे. युनिकोडने प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि हा गोंधळ संपला.

म्यानमारमध्ये तो संपला नव्हता. तिथे बहुतेक सगळे 'झॉजी' नावाचा फाँट वापरत. झॉजीने युनिकोडने बर्मी लिपीला दिलेलेच क्रमांक वापरले, पण त्यांतल्या अनेकांचे अर्थ बदलले. क्रमही वेगळा. आपल्याकडे 'वि' लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण युनिकोडमध्ये 'व' आधी साठवला जातो आणि वेलांटी नंतर. बर्मीतही 'ए'ची खूण अक्षराच्या आधी दिसते आणि युनिकोड ती नंतर साठवते. झॉजी मात्र दिसते तशीच आधी साठवायचा. आपल्या जुन्या फाँटचा काला पाहून निदान काहीतरी बिघडले आहे हे कळायचे. इथे संगणकाला वाटे, आपण बर्मीच वाचतो आहोत. प्रत्यक्षात शब्द भलतेच असत. अशा मजकुरावर शोध नीट चालत नाही आणि द्वेष ओळखणारा प्रोग्रामही नीट शिकत नाही.

याचा परिणाम २०१८ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने दाखवला. 'म्यानमारमध्ये दिसेल त्या कलाला ठार करा' अशा अर्थाच्या एका बर्मी पोस्टचे फेसबुकच्या यंत्राने इंग्रजी भाषांतर केले होते, 'म्यानमारमध्ये मला इंद्रधनुष्य नको'. 'कला' ही तिथे मुसलमानांना आणि भारतीय वंशाच्या लोकांना दिली जाणारी शिवी आहे. त्यानंतर भाषांतराची ती सोय बंद करण्यात आली.

त्याआधी, २०१७ मध्ये, फेसबुकने या शब्दावरच बंदी घालून पाहिली होती. तर हरभऱ्याच्या डाळीला बर्मीत 'कला पे' म्हणतात आणि खुर्चीच्या नावातही 'कला' आहे. डाळीबद्दल लिहिणाऱ्यांच्या पोस्टही उडाल्या. शब्द पकडणे सोपे असते. तो शब्द कोण, कुणाला, कशासाठी म्हणतो आहे हे कळायला भाषा जाणणारा माणूस लागतो. रॉयटर्सच्याच वृत्तानुसार २०१५ च्या सुरुवातीला फेसबुककडे तक्रारी तपासणारी बर्मी जाणणारी माणसे होती फक्त दोन.

यंत्र निवडते कसे?

न वाचता येणे हा प्रश्नाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे निवड. तुमच्या मित्रांनी आणि तुम्ही जोडलेल्या पानांनी दिवसभरात टाकलेल्या शेकडो पोस्टमधून तुम्हाला आधी कोणती दाखवायची, हे एक गणित ठरवते. प्रत्येक पोस्टवर तुम्ही काहीतरी कराल याची शक्यता काढायची, प्रत्येक कृतीला एक वजन द्यायचे आणि बेरीज करायची. ज्याची बेरीज मोठी ती पोस्ट वर.

२०२१ मध्ये बाहेर आलेल्या फेसबुकच्या अंतर्गत कागदपत्रांतून कळले, की २०१७ पासून रागाच्या, हसण्याच्या किंवा प्रेमाच्या चिन्हाला साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन होते. म्हणजे ज्या पोस्टने शंभर माणसे भडकली ती पाचशे 'लाइक'च्या तोडीची. रागाची चिन्हे मिळवणाऱ्या पोस्टमध्ये खोटी आणि विखारी माहिती जास्त असते, हे कंपनीच्या स्वतःच्या संशोधकांना २०१९ मध्ये आढळले. रागाचे वजन शून्यावर आणले गेले ते सप्टेंबर २०२० मध्ये.

ही वजने निसर्गाने ठरवलेली नाहीत. कुणीतरी बैठकीत ५ हा आकडा सुचवला, कुणीतरी तो प्रोग्राममध्ये लिहिला, आणि एक दिवस तो ० केला. माणूस बदलू शकतो अशी गोष्ट म्हणजे निर्णय. आणि निर्णयाची जबाबदारी विचारता येते.

हँबुर्गचा खटला

जबाबदारी मोजायची कशी, याला एक जुना आधार आहे. मार्च १९४६ मध्ये हँबुर्ग इथे ब्रिटिश लष्करी न्यायालयासमोर तीन माणसे उभी होती. त्यांची कंपनी 'झायक्लॉन-बी' पुरवायची. जहाजे, गोदामे आणि कपडे यांतले किडे मारायचे हे औषध. त्याची विक्री कायदेशीर होती. नाझींनी तेच औशविट्झमध्ये ज्यूंना मारण्यासाठी वापरले.

न्यायालयापुढे कळीचे प्रश्न तीन होते. या वायूने माणसे मारली गेली का? तो या कंपनीने पुरवला होता का? आणि तो कशासाठी वापरला जाणार हे आरोपींना ठाऊक होते का? मालक ब्रुनो टेश आणि त्याचा दुय्यम अधिकारी यांना ठाऊक होते असे न्यायालयाला पटले. दोघांना फाशी झाली. तिसरा आरोपी तंत्रज्ञ होता. पुरवठा थांबवणे त्याच्या हातात नव्हते, म्हणून तो सुटला.

विषारी वायू आणि समाजमाध्यम यांची बरोबरी मी करत नाही. पण प्रश्नांची ती रीत आजही उपयोगी आहे. तुमच्या वस्तूने नेमके काय केले? तुम्हाला कधीपासून ठाऊक होते? थांबवणे तुमच्या हातात होते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर आले. दुसऱ्याचे उत्तर तारखांमध्ये आहे. जुलै २०१४ मध्ये मंडालेमध्ये एका मुस्लिम चहा-दुकानदाराबद्दल बलात्काराची खोटी अफवा फेसबुकवर पसरली. दंगलीत दोघांचा जीव गेला. तेव्हा सरकारला फेसबुकमध्ये बोलायला माणूस सापडेना. एका सल्लागार कंपनीतल्या ओळखीच्या गृहस्थांना गळ घालावी लागली. मे २०१५ मध्ये यंगूनच्या एका तंत्रज्ञान केंद्राच्या संस्थापकाने फेसबुकच्या कॅलिफोर्नियातल्या मुख्यालयात जाऊन सांगितले, की रवांडाच्या नरसंहारात रेडिओने जे केले ते म्यानमारमध्ये फेसबुक करू शकते. रोहिंग्यांचे मोठे पलायन त्यानंतर दोन वर्षांनी झाले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्याच कृतीतून मिळते. ऑगस्ट २०१८ मध्ये फेसबुकने म्यानमारचे सरसेनापती मिन आंग लाइंग यांच्यासह लष्कराशी संबंधित १८ खाती आणि ५२ पाने काढून टाकली. बर्मी जाणणाऱ्यांची भरती वाढवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये तर आपण पुरेसे केले नाही, असे जाहीरपणे मान्य केले. जे २०१८ मध्ये शक्य झाले, ते २०१५ मध्ये अशक्य होते असे म्हणता येत नाही.

कायदा कुठे अडतो?

डिसेंबर २०२१ मध्ये रोहिंग्या निर्वासितांनी कॅलिफोर्नियात फेसबुकवर १५० अब्ज डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. अमेरिकेत अशा दाव्यांपुढे १९९६ च्या कायद्यातले कलम २३० आडवे येते: लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल व्यासपीठाला जबाबदार धरता येत नाही. मे २०२३ मध्ये, ट्विटरविरुद्धच्या एका खटल्यात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटले, की सर्वांना सारखीच मिळणारी सेवा चालवणे म्हणजे दहशतवाद्यांना साथ देणे नव्हे. दुसरीकडे एप्रिल २०२५ मध्ये केनियाच्या उच्च न्यायालयाने इथिओपियातल्या हिंसेबाबतचा फेसबुकच्या मालक कंपनीवरचा दावा आपल्याला चालवता येतो असा निर्णय दिला. कंपनीचे मुख्यालय अमेरिकेत आहे एवढ्याने दार बंद होत नाही, हे त्यातून दिसले.

सिंगापूरने वेगळी वाट धरली. मार्च २०१८ मध्ये इथल्या संसदीय समितीने फेसबुकच्या अधिकाऱ्याची तासन्‌तास उलटतपासणी केली. २०१९ मध्ये खोट्या माहितीविरुद्धचा कायदा आला, ज्याला सगळे 'पोफ्मा' म्हणतात. त्यात मंत्र्यांना दुरुस्तीचा किंवा मजकूर काढण्याचा आदेश देता येतो आणि न ऐकणाऱ्या कंपनीला १० लाख सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होतो. फेब्रुवारी २०२३ पासून धार्मिक-वांशिक तेढ वाढवणारा मजकूर रोखण्याचे अधिकार नियामकालाही मिळाले. आदेश निघतात, पाळलेही जातात.

पण दोन अडचणी राहतात. हे कायदे सिंगापुरातल्या वाचकाला काय दिसते ते पाहतात. कोलंबोत किंवा यंगूनमध्ये काय दिसते, ते त्यांच्या कक्षेबाहेर आहे. आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. म्यानमारमध्ये आग लावणारे खुद्द लष्कर होते. खोट्या नावांनी पाने चालवून रोहिंग्यांविरुद्ध विष पेरणारी लष्कराची तुकडीच होती, असे न्यूयॉर्क टाइम्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दाखवले. मजकूर काढण्याची कळ तिथल्या मंत्र्यांच्या हाती असती, तर ती रोहिंग्यांच्याच विरुद्ध दाबली गेली असती. अल्पसंख्याकांचे रक्षण सरकारच्या मर्जीवर सोपवले, की सरकार बिघडताच ते संपते.

म्हणून मला मोलाची वाटते ती नोंदींची सक्ती. रोहिंग्यांच्या नरसंहाराबद्दल गांबियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा केला. त्यासाठी फेसबुकने काढून टाकलेली लष्कराची पाने पुरावा म्हणून हवी होती. ती मिळवायला गांबियाला अमेरिकेच्या न्यायालयात झगडावे लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये आदेश मिळाला, पुढे त्याचा काही भाग रद्दही झाला. कुणाला काय दाखवले, इशारा कधी आला, तो कुणी वाचला, वजन कधी बदलले, हे सगळे कंपनीच्या सर्व्हरमध्ये आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिथेच आहेत आणि किल्ली आरोपीच्या खिशात आहे.

युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने ही किल्ली थोडी बाहेर काढली. मोठ्या कंपन्यांनी आपल्या रचनेमुळे होऊ शकणाऱ्या हानीचे मूल्यमापन दरवर्षी करायचे, ते स्वतंत्र लेखापरीक्षकांकडून तपासून घ्यायचे, संशोधकांना माहिती द्यायची. कसूर केली तर जगभरच्या उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड.

आणि मराठी?

आपल्या भाषेत हे घडत नाही असे वाटत असेल, तर दोन तारखा आठवा. मे २०१४ च्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर फिरली. २ जूनच्या रात्री पुण्यात हडपसरला नमाजाहून परतणाऱ्या एका तरुण मुस्लिम आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारून टाकले. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून ठेचून मारले. अफवा व्हॉट्सॅपवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. संदेश न वाचताही, एक आकडा बदलून, पसरण्याचा वेग कमी करता येतो. कंपनीच्या हातात काय होते, याचा हा मराठी मुलखातला पुरावा.

शेवटी एक हिशेब मांडतो. माल्टी भाषा बोलणारे सुमारे पाच लाख. युरोपीय कायद्यानुसार फेसबुकला जाहीर करावे लागते, की माल्टी जाणणारी किती माणसे आपल्याकडे मजकूर तपासतात. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे होते ८ कोटी ३० लाख. भारताच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे मोठ्या कंपन्या दरमहा अहवाल देतात, त्यात तक्रारींचे आकडे असतात. मराठी जाणणारी माणसे किती, हे सांगण्याची सक्ती त्यात नाही.

तुमच्यापैकी जे या कंपन्यांमध्ये काम करतात त्यांना हा प्रश्न आतून विचारता येईल, आणि बाकीच्यांना बाहेरून. मराठीत 'मारा' असे लिहिलेले वाचायला तुमच्याकडे किती माणसे आहेत? हा आकडा पुढच्या राईनपाड्याआधी मिळायला हवा.